पॅकार्डचा अपराध कोणता?

जुन्या मोटारगाड्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांची एक पंगत आहे. तिच्यात ड्यूसेनबर्गला मानाचे पान मिळते, पिअर्स-ॲरोच्या पानावर तुपाची धार पडते. पॅकार्डपाशी आले की वाढप्याचा हात आखडतो. गाडी थोर खरी, पण १९३५ साली स्वस्त मोटार काढून तिने आपले कूळ बाटवले आणि पुढे त्याच पापाने ती बुडाली, असा शेरा बहुधा मारला जातो. मला तो पटत नाही.

आधी कुळकथा पाहू. ओहायोतील वॉरन गावच्या जेम्स वॉर्ड पॅकार्डने १८९८ साली विंटन नावाची मोटार घेतली. ती वरचेवर बिघडे. तक्रार केली तेव्हा, एवढे कळते तर स्वतःच करून दाखवा, अशा अर्थाचे उत्तर मिळाले म्हणतात. पुढच्याच वर्षी त्याने व त्याचा भाऊ विल्यम याने खरोखरच मोटार करून दाखवली! १९०३ मध्ये कारखाना डेट्रॉइटला गेला. १९१५ साली बारा सिलिंडरांची 'ट्विन सिक्स' निघाली. १९२१ मध्ये अध्यक्ष हार्डिंग शपथविधीला मोटारीतून गेले. असे करणारे ते पहिलेच अध्यक्ष, आणि ती मोटार पॅकार्ड होती. ज्याच्या दारी ही गाडी आहे त्यालाच विचारा, असे तिचे ब्रीद होते.

मग १९२९ ची मंदी आली. लक्ष्मीपुत्रांनीही हात आवरले. पीअरलेसने १९३१ मध्ये मोटारी करणे सोडले, मार्मनने १९३३ मध्ये. १९३७ मध्ये ड्यूसेनबर्ग गेली, १९३८ मध्ये पिअर्स-ॲरो. पॅकार्डने मात्र १९३५ साली 'वन-ट्वेंटी' आणली. मोठ्या पॅकार्डला दोन हजार डॉलरांहून अधिक पडत. ही ९८० डॉलरांपासून मिळे. ती स्वस्त होती, पण हलकी नव्हती. आठ सिलिंडरांचे एंजिन, द्रवदाबाचे ब्रेक आणि पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र स्प्रिंग, असा तिचा सरंजाम होता. १९३७ साली कंपनीने एक लाखाहून अधिक गाड्या केल्या.

स्वस्ताई हाच अपराध असेल, तर कॅडिलॅकने 'ला साल' काढली होती आणि लिंकननेही १९३६ मध्ये 'झेफर' आणली; त्यांना कोणी बाटगे म्हणत नाही. ला सालचे नाव निदान वेगळे होते, पॅकार्डने स्वतःचेच नाव स्वस्त गाडीला दिले, हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु त्या नावाने कामगारांच्या चुली पेटत्या ठेवल्या, हेही त्याच पारड्यात घालायला हवे. शिवाय कारखाना जगला म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात तेथे रोल्स-रॉइसची मर्लिन विमान-एंजिने ५५,००० वर तयार झाली. मस्टँग विमानांना बळ मिळाले ते त्यांचेच.

मग ती बुडाली कशाने? अमुक गोष्ट आधी घडली म्हणून तीच पुढच्याचे कारण, असे मानू नये, हे आम्ही शिक्षक मुलांना शिकवतो. कॅडिलॅकचे नवे व्ही-आठ एंजिन १९४९ मध्ये आले, पॅकार्डचे १९५५ मध्ये. तिच्या गाड्यांचे सांगाडे ब्रिग्ज कंपनी करीत असे. ती १९५३ च्या अखेरीस क्रायस्लरने विकत घेतली आणि पॅकार्डला अपुऱ्या जागेत स्वतःचे सांगाडे घडवावे लागले. १९५४ मध्ये स्टुडबेकरशी सोयरीक झाली. ते घरही आतून पोखरलेलेच निघाले. अशा दिवसांतही १९५५ साली पॅकार्डने पुढच्या-मागच्या चाकांना लांब पिळदांड्यांनी जोडून, विजेच्या मोटरने गाडी समतोल राखणारी रचना बाजारात आणली. १९५६ मध्ये डेट्रॉइटचे काम थांबले. १९५८ नंतर ते नाव गाडीवर दिसले नाही.

मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून जाणतो, की ऐन भरात मेलेल्या नायकावर लेखणी सहज रंगते. पदरच्या माणसांसाठी शालजोडी उतरवून जो बाजारात उभा राहतो, त्याची गोष्ट लिहिणे अवघड असते. पॅकार्डने तेच केले. तिला पंगतीत पान मिळावे, आणि त्यावर तूपही वाढावे.