सार्वजनिक सुट्या आणि सर्वधर्मसमभाव : एक ऐतिहासिक विचार

आपल्या नामदेव शिंपी ज्ञातीच्या सभासंमेलनांतून एक मागणी अधूनमधून ऐकू येते. संतशिरोमणी श्रीनामदेव महाराजांच्या जयंतीस, म्हणजे कार्तिक शुद्ध एकादशीस, सरकारने सार्वजनिक सुटी द्यावी, ही ती मागणी होय. तिच्यामागील भक्तिभाव आम्हांस वंद्यच आहे. तथापि ठरावास हात वर करण्यापूर्वी ही सार्वजनिक सुटी आपल्या देशात आली कोठून, आणि राज्यसंस्थेने कोणत्या धर्माचा दिवस पाळावा व कोणत्या धर्माचा पाळू नये याचा निवाडा आजवर कसा होत आला, हे पाहणे अगत्याचे आहे.

हा निवाडा ज्या कायद्यान्वये होतो तो वास्तविक हुंड्यांचा व चेकांचा कायदा आहे, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. 1881 चा परक्राम्य संलेख अधिनियम तो हाच. हुंडीची मुदत सुटीच्या दिवशी भरत असेल तर ती आदल्या कामाच्या दिवशी भरली असे समजावे, अशी सोय त्याच्या 25 व्या कलमात आहे. आणि सुटीचा दिवस म्हणजे कोणता, हे सांगणे त्यामुळे भाग पडले. मूळ कलमात नावानिशी दिवस होते ते रविवार, इंग्रजी नववर्षाचा पहिला दिवस, नाताळ आणि गुड फ्रायडे. दसरा, दिवाळी, ईद यांपैकी एकही नाव तेथे नव्हते. ते दिवस सरकार वेळोवेळी जाहीर करील त्यांत मोडत. राज्यकर्त्यांचे सण कायद्याच्या माजघरात आणि प्रजेचे सण अधिसूचनेच्या ओसरीवर, असा तो मामला होता. स्वातंत्र्यानंतर 1955 च्या दुरुस्तीने ती नावे कलमातून गेली. रविवार मात्र राहिला.

रविवार हा ख्रिस्ती धर्माचा प्रार्थनादिन खरा; परंतु मुंबईच्या गिरणी कामगारांस तो मिळाला तो पाद्र्यांच्या कृपेने नव्हे. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांस एकत्र करून आठवड्याच्या सुटीची मागणी केली, आणि सहा वर्षांच्या खटपटीनंतर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. रविवार हा आमच्या खंडोबाचा वार आहे, असे लोखंड्यांचे म्हणणे होते. साहेबास त्यात चर्च दिसावे, मराठी कामगारास जेजुरीचा भंडारा दिसावा, आणि दोघांचेही यंत्र बंद राहावे! पुढे 1893 मध्ये मुंबईत हिंदु-मुसलमानांचा मोठा दंगा झाला तेव्हा सलोख्यासाठी झटणारे गृहस्थही हेच.

आमच्या करवीरनगरीत हा प्रश्न कायद्यापेक्षा वहिवाटीने अधिक सुटलेला दिसतो. राजर्षि शाहू छत्रपतींनी मराठे, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढविली, त्यांतच आपले 1908 चे श्रीनामदेव बोर्डिंगही आहे. मुसलमानांच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः स्वीकारले होते. दसऱ्यास अंबाबाईची व भवानीची पालखी निघून दसरा चौकात सोने लुटले जाते, हा राजदरबारी सोहळा; पण त्याच शहरात मोहरमच्या पंजांची सेवा हिंदूंच्या तालमीही करीत आल्या आहेत, आणि बाबूजमाल दर्ग्याच्या कमानीवर गणेश कोरलेला आहे. हिजरी वर्षास अधिक मास नसल्यामुळे ते दर साल सुमारे 11 दिवसांनी मागे सरकते. त्यामुळे 2018 व 2019 साली मोहरम गणेशोत्सवात आला, तेव्हा कुरुंदवाडास मशिदींतूनही गणपती बसले. त्यासाठी मुंबईहून परिपत्रक आले नव्हते.

परिपत्रकाचे काम अवघड असते. महाराष्ट्र शासनाच्या 2024 सालच्या यादीत 24 सुट्या होत्या. महाशिवरात्र, रमजान ईद, गुड फ्रायडे, महावीर जयंती, बुद्ध पौर्णिमा, पारशी नववर्ष, गुरु नानक जयंती, सर्वांचे थोडेथोडे. 2023 साली अनंत चतुर्दशी व ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरास आली. मिरवणुकांची गर्दी होऊ नये म्हणून मुसलमान पुढाऱ्यांनी आपली मिरवणूक एक दिवस पुढे नेण्याची तयारी दाखविली, व शासनाने सुटीही 29 तारखेस नेली. याच्या उलट, 22 जानेवारी 2024 रोजी अयोध्येतील श्रीरामाच्या प्राणप्रतिष्ठेसाठी यादीबाहेरची सुटी जाहीर झाली, तेव्हा कायद्याच्या चार विद्यार्थ्यांनी मुंबई उच्च न्यायालयात तीस आव्हान दिले. 21 तारखेस, रविवार असूनही, न्यायालय बसले व अर्ज फेटाळला गेला. सुटी देणे हा शासनाच्या धोरणाचा भाग आहे, असा निर्णय झाला. कायदेदृष्ट्या तो योग्यच असेल. पण वर्षारंभी सर्वांसमोर ठरलेली यादी आणि ऐन वेळी एका धर्माच्या प्रसंगासाठी काढलेला हुकूम यांत अंतर आहे, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते. आज तो हुकूम ज्यांस गोड लागला त्यांनी तोच अन्य धर्मासाठी निघाला असता तर काय म्हटले असते, याचा मनाशी विचार करावा.

मग सर्वच धार्मिक सुट्या काढून टाकाव्यात काय? हा प्रयोगही जगात होऊन गेला आहे. फ्रान्सच्या क्रांतिकारकांनी 1793 मध्ये रविवार मोडून दहा दिवसांचा आठवडा केला. नेपोलियनने 1806 पासून जुनी दिनदर्शिका परत आणली. रशियाने 1929 मध्ये पाच दिवसांचा व नंतर सहा दिवसांचा आठवडा काढला, आणि 1940 मध्ये तोही मुकाट्याने सातांवर आला. बाप एका दिवशी घरी, आई दुसऱ्या दिवशी, अशी तेथील संसाराची गत झाली होती. लोकांचा सण सरकारी शाईने पुसला जात नाही.

वाढविण्यासही मर्यादा आहे. उत्तर प्रदेशात निरनिराळ्या समाजांच्या थोर पुरुषांच्या नावे सुट्या साचत गेल्या, आणि 2017 मध्ये त्यांतील 15 एकदम रद्द कराव्या लागल्या. शाळेत आयुष्य घालविलेल्या आम्हांस त्याचे दुःख झाले नाही. ज्या संताच्या नावे शाळा बंद, त्याचे नाव त्या दिवशी मुलाच्या कानी पडतच नाही. तो दिवसभर गल्लीत चेंडू खेळतो.

आणि नामदेवरायांपुरते बोलावयाचे तर त्यांची 61 पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. कार्तिकी एकादशीनंतर चौथ्या दिवशी, पौर्णिमेस, गुरु नानक जयंतीची सुटी महाराष्ट्रात असतेच. केंद्र सरकारच्या नोकरांस ठराविक सुट्यांखेरीज वैकल्पिक यादीतून आपल्या पसंतीचे दोन दिवस घेता येतात. ज्याचा त्याचा सण ज्याला त्याला मिळावा आणि कचेरी उघडी राहावी, यास ही पद्धत आम्हांस सर्वांत न्याय्य वाटते. म्हणून आगामी सभेपुढे ठराव येईल तेव्हा ‘सार्वजनिक सुटी’ हे शब्द गाळून ‘वैकल्पिक सुटी, व त्या दिवशी शाळांतून नामदेवचरित्राचे एक तास वाचन’ असे शब्द घालावेत, अशी आमची कार्यकारी मंडळास सूचना आहे.