आरे कॉलनीत मुलाचा वाढदिवस घरीच करायचाय? चाळीस माणसांचा स्वयंपाक, औक्षण आणि उरलेल्या अन्नाचं काय करायचं

आजी-आजोबा, दोन काका, आत्या, मामा-मामी, मावशी, त्यांची मुलं आणि शेजारची दोन घरं. मोजायला बसलं की आकडा सहज चाळिसावर जातो. त्यात २८ मोठे आणि १२ लहान धरले, तर घरचा स्वयंपाक दोन गॅसच्या शेगडीवरही होतो. फक्त तो एका दिवसात आणि एकाच बाईच्या हातून होत नाही, हे आधी मान्य करावं लागतं.

आरे कॉलनीत हा बेत थोडा वेगळा आखावा लागतो. गोरेगाव पूर्वेची ही वसाहत १९४९ मध्ये उभी राहिली आणि १९५१ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. शहरातले म्हशींचे तबेले एका जागी आणून मुंबईला चांगलं दूध मिळावं, ही त्यामागची कल्पना. आजही इथे तबेल्यांची युनिट्स आहेत, आदिवासी पाडे आहेत, आणि शेजारी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. थोडक्यात, म्हशीचं दूध दाराशी आणि बिबट्याही फार लांब नाही. दोन्ही गोष्टी वाढदिवसाच्या बेतात येतात.

आधी तारीख आणि वेळ

कॅलेंडर उघडून संकष्टी, एकादशी, श्रावण बघा. अर्धं घर उपाशी आणि बाकीचे पावभाजी खातायत, असं झालं की यजमानाची पंचाईत होते. वाढदिवस बुधवारी असेल तर रविवारी करायला काहीच हरकत नाही. औक्षण मात्र त्या दिवशी घरच्या घरी करून घ्या, आजीचं समाधान होतं.

वेळ दुपारची ठेवा. साडेअकराला औक्षण, साडेबाराला पानं, तीनला केक. कल्याण-विरारहून येणाऱ्यांनाही सोयीचं पडतं आणि अंधार पडायच्या आत सगळे बाहेर पडतात. आरेतल्या आतल्या रस्त्यांवर रात्री रिक्षा मिळणं कठीण, आणि लहान मुलांना घेऊन तिथे चालत जाणं टाळायलाच हवं.

किती लागेल?

श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, काकडीची कोशिंबीर. हा बेत मुलांना चालतो, म्हाताऱ्यांना चावतो आणि कांदा-लसूण न खाणाऱ्यांची वेगळी सोय करावी लागत नाही. चाळीस जणांसाठी साधारण अंदाज असा:

श्रीखंडाला म्हशीचं दूध ५ लिटर. त्याचं दही लावून, फडक्यात टांगून पावणेदोन ते दोन किलो चक्का निघतो. त्यात दीड किलो साखर. मोठ्यांना १०० ग्रॅम आणि मुलांना ५० ग्रॅम वाढलं तरी पुरतं. पुऱ्यांना ३ किलो कणीक. एका किलोत साठ-सत्तर लहान पुऱ्या होतात. बटाटे साडेतीन किलो, तांदूळ २ किलो, काकडी २ किलो. भात एकाच पातेल्यात शिजवायचा हट्ट नको. दोन खेपांत केला की खाली लागत नाही आणि वर कच्चाही राहत नाही.

तबेल्यावरून सुटं दूध आणलं तर ते उकळल्याशिवाय दही लावू नका. कच्च्या दुधातून क्षयासारखे आजार पसरू शकतात. ‘ताजं आहे’ म्हणून ते सुरक्षित होत नाही. एप्रिल-मे असेल तर चक्का खिडकीत न टांगता फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवा, नाहीतर आंबटपणा साखरेलाही आवरत नाही.

कामाची विभागणी: दोन दिवस आधी दही, आदल्या दिवशी चक्का-साखर फेटून श्रीखंड फ्रिजमध्ये, बटाटे उकडून ठेवायचे ते त्याच दिवशी सकाळी. पुऱ्या शेवटी. आणि इथे स्पष्टच सांगायला हवं: पुऱ्या तळायला दोघांची पाळी लावा, त्यातला एक पुरुष असू द्या. मुलाची आई कढईसमोर उभी आणि केकचे फोटो तिच्याशिवाय, हे चित्र फार घरांत दिसतं.

केक घरी करायचा असेल तर रव्याचा अंड्याविना केक कुकरमध्येही होतो. कुकरची शिट्टी आणि रिंग काढा, आत पाणी घालू नका, तळाशी मीठ पसरून वर भांडं ठेवा आणि मंद आचेवर पाऊण तास द्या. क्रीमचा मोठा केक बाहेरून आणला तरी घरच्या जेवणाला कमीपणा येत नाही.

औक्षण आधी, मेणबत्ती नंतर

मुलाला पाटावर पूर्वेकडे तोंड करून बसवतात. ताम्हनात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी. घरातल्या सुवासिनी आधी ओवाळत. आता अनेक घरांत आजोबा आणि बाबाही ओवाळतात. दिवा लावून शुभ मानायचं आणि लगेच मेणबत्ती फुंकायची, हे काही आजींना पटत नाही. दोन्हींत दोन-तीन तासांचं अंतर ठेवलं की वाद उरत नाही.

लहान मुलांसाठी धोक्याच्या गोष्टी

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका, बोटावरचं चाटणसुद्धा नाही. त्यातल्या जिवाणूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न नकोत, घशात अडकतात. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला, तेही तितकेच धोक्याचे.

शिजलेला भात उकाड्यात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका. भातात वाढणाऱ्या एका जिवाणूचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. रात्रीसाठी ठेवायचा भात पसरट ताटात थंड करून लगेच फ्रिजमध्ये टाका.

सजावट आणि आवाज

थर्माकोलची ताटं, प्लास्टिकचे चमचे आणि फुग्यांना लावायच्या प्लास्टिकच्या काड्या १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. पत्रावळी किंवा सोसायटीची स्टीलची ताटं घ्या. उघड्यावरचा लाऊडस्पीकर रात्री दहानंतर चालत नाही. झाडांखाली मोकळ्या जागेत पंगत मांडायची असेल तर आधी आरे प्रशासनाला विचारा, आणि चूल पेटवू नका.

उरलेलं अन्न: आरेत हाच मुख्य प्रश्न

उरलेल्या पुऱ्या, भात, केकचे तुकडे कुंपणाबाहेर टाकले की भटकी कुत्री आणि डुकरं जमतात. कुत्रं हे बिबट्याचं सोपं भक्ष्य, त्यामुळे तोही वस्तीजवळ येतो. वारली समाज वाघोबाला देव मानतो. पाड्यांवर बिबट्याचं असणं ही नवी गोष्ट नाही. पण २०२१ मध्ये आरेत माणसांवर लागोपाठ हल्ले झाले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये एका लहान मुलीचा जीव गेला.

म्हणून पानं उठली की ओला कचरा झाकणाच्या डब्यात बंद करा आणि सकाळी गाडी येईपर्यंत घरातच ठेवा. चांगलं अन्न चारच्या आत डब्यांत भरून पाहुण्यांना द्या. संध्याकाळ झाली की मुलं एकटी अंगणात नकोत. बाहेर जायचं तर मोठं माणूस आणि टॉर्च सोबत हवा. बिबट्या दिसला तर गर्दी करून फोटो काढू नका, मुलांना घरात घ्या आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.