छापायचे काय, नकलायचे काय? तंजावरच्या मराठी कचेरीतील एक निवड

समजा, आपल्याला एका लहान कार्यालयासाठी प्रिंटर आणि स्कॅनर घ्यायचे आहेत. दुकानदार आधी किंमत सांगेल, मग मिनिटाला किती पाने निघतात ते सांगेल. पण यंत्र निवडण्याआधी आपण स्वतःला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. या कागदाच्या किती प्रती लागतील? तो किती वर्षे टिकला पाहिजे? आणि तो पुढे कोण वाचणार? हे प्रश्न नवे नाहीत. दोनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या मराठी दरबाराने त्यांची जी उत्तरे कृतीतून दिली, ती या पाठात पाहू.

1. ओरत्तनाडुचे छत्र

दुसरे सरफोजी राजे 1798 मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे मुख्यतः तंजावरचा किल्ला आणि त्यालगतचा प्रदेश उरला. रामेश्वराच्या वाटेवरील यात्रेकरूंसाठी बांधलेल्या छत्रांचे काय होणार, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. 1801 मध्ये सरफोजींनी कंपनीच्या रेसिडेंटला सविस्तर पत्र लिहून छत्रे आपल्याकडे ठेवण्याची विनंती केली. वाटसरूंना शिजवलेले अन्न, शिजवलेले न चालणाऱ्यांना कोरडा शिधा, मुलांना शिक्षण, आजाऱ्यांना औषधोपचार, असा छत्रांचा कारभार त्यांनी त्यात मांडला.

तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाताना लागणाऱ्या ओरत्तनाडु येथील छत्र याच काळातले. सरफोजींनी ते मुक्तांबा हिच्या स्मरणार्थ उभारले. आता या छत्राकडे कचेरी म्हणून पाहा. रोज किती पंक्ती उठल्या, किती तांदूळ लागला, नोकरांचा पगार काय, कोणत्या गावाचे उत्पन्न आले, या साऱ्याची नोंद ठेवल्याशिवाय असा कारभार चालत नाही. शिवाय राज्य हातातून गेलेल्या राजाला आपला खर्च आणि हक्क सिद्ध करायचा असेल, तर हाती कागद हवा.

2. नवविद्याकलानिधी

सरफोजींनी 1805 च्या सुमारास तंजावरच्या राजवाड्यात देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला. त्याचे नाव नवविद्याकलानिधी. सख्खन पंडित यांनी मराठीत आणलेल्या इसापाच्या कथा 'बालबोध मुक्तावलि' या नावाने येथे छापल्या गेल्या. तर्कसंग्रहासारखे संस्कृत ग्रंथही येथून निघाले. याच सुमारास बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी मराठीचे व्याकरण छापत होते, तर मिरजेत तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरून गीता छापली गेली होती.

काय छापले, याकडे लक्ष द्या. मुलांच्या हाती द्यायच्या गोष्टी आणि पाठशाळेत शिकवायचे ग्रंथ. म्हणजे ज्यांच्या अनेक प्रती हव्या होत्या आणि ज्यांचे वाचक कचेरीबाहेर होते, असे मजकूर.

3. दप्तर मोडीतच का राहिले?

छापखाना राजवाड्यात असूनही दरबाराचे दप्तर मोडीत, हातानेच लिहिले जात राहिले. मोडी छापताच येत नव्हती, असे म्हणता येणार नाही. कॅरींचा मराठी कोश 1810 मध्ये मोडी खिळ्यांतच छापला गेला. कारण कामाच्या स्वरूपात शोधावे लागते. रोजच्या हिशेबाच्या एक-दोनच प्रती लागतात आणि त्या त्याच दिवशी लागतात. एका प्रतीसाठी खिळे जुळवण्यात तास घालवण्यापेक्षा हात न उचलता झरझर लिहिणारा कारकून कितीतरी स्वस्त. चूक टाळायची तर नक्कल मुळाशी ताडून पाहायची, एवढेच.

तिसरे साधनही वापरात होते. 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरला गेला. प्रत एकच, पण कायमची आणि सर्वांसमोर. छापखाना, बोरू आणि छिन्नी यांपैकी प्रत्येकाचे काम वेगळे होते.

4. प्रत काढणे म्हणजे वाचणे नव्हे

1855 मध्ये सरफोजींचे पुत्र दुसरे शिवाजी पुत्राविना वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. दरबार संपला, पण मोडी कागदांचे रुमाल उरले. त्यांचा मोठा भाग आज तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. आता कॅमेरा आणि स्कॅनरमुळे अशा कागदांची प्रतिमा जपता येते आणि मूळ कागदाची हाताळणी कमी होते. पण स्कॅनर चित्र काढतो, अर्थ लावत नाही. मोडी वाचणारे कमी होत गेले, तर उत्तम प्रतिमाही मुकीच राहील. ओरत्तनाडुच्या एखाद्या दिवशीच्या पंक्तीचा हिशेब डोळ्यांसमोर असेल आणि वाचता येणार नाही, हा तोटा कोणतेही यंत्र भरून काढत नाही.

5. आजच्या कार्यालयासाठी

आता आपल्या खरेदीकडे वळू. रोज काळी अक्षरे बरीच छापायची असतील, तर लेझर प्रिंटर घ्या. त्याची टोनरची छपाई पाण्याने फुटत नाही. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची (डाय) साधी इंकजेट शाई ओलीने पसरते, उन्हात फिकी पडते. सुटे कागद पुष्कळ असतील, तर आपोआप कागद ओढणारा स्कॅनर बरा. बांधलेल्या वह्या आणि जीर्ण कागद मात्र सपाट काचेच्या स्कॅनरवरच ठेवा, ओढणाऱ्या यंत्रात ते फाटतात. साध्या कागदांना 300 डीपीआय पुरते. आणि प्रत्येक फाईलला तारीख व विषय कळेल असे नाव द्या. रुमालावर चिठ्ठी नसेल, तर आतला कागद असून नसल्यासारखाच.

सारांश

तंजावरने नवे यंत्र आणले, पण जुने साधन सरसकट टाकले नाही. प्रतींची संख्या, टिकाऊपणा आणि वाचक यांवरून प्रत्येक कागदाची वाट ठरली.

स्वाध्याय

1. छापखाना असूनही दरबारी हिशेब हाताने का लिहिले गेले असावेत?
2. आपल्या कार्यालयातील पाच प्रकारचे कागद घ्या. प्रत्येकाच्या प्रती, आयुष्य आणि वाचक लिहून योग्य साधन ठरवा.
3. घरी मोडीतील जुना कागद असल्यास त्याची प्रतिमा घ्या आणि तो कोणाकडून वाचून घेता येईल, याचा शोध घ्या.