पाऊण इंच आणि १९ नंबर

जुना आग्रा रोड कापूरबावडीवरून वळला की बाळकुम नाका लागतो, आणि नाका सोडून कशेळीची खाडी ओलांडली की भिवंडीचा मुलूख. आज त्या रस्त्यात ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब आहेत आणि दोन्ही अंगांना मान दुखेपर्यंत उंच इमारती. आमच्या आज्याच्या सांगण्यातला रस्ता निराळा होता. दोन्हीकडे भाताची खाचरं, खाडीच्या बाजूला मिठागरं, आणि मधून सुताच्या नाहीतर कापडाच्या गाठी लादलेले ट्रक. त्यातला एखादा नाक्यापाशी बंद पडला की ड्रायव्हर पाड्यात येऊन मिस्तरीची चौकशी करायचा. मिस्तरी म्हणजे आमचा आजा. तो शेतात चिखलात असला तर तिथूनच निघायचा. पाय धुवायचा तेवढा वेळ, मग काखेत गोणपाटाची वळकटी. त्या वळकटीत पाने, छिन्नी, पोगर, हातोडी आणि मोडक्या दांड्याची एक कानस.

मी त्याला पाहिलं ते म्हातारपणी. ओटीवर बसलेला, बोटांची पेरं जाड झालेली, आणि अंगाला रॉकेलचा वास. आजी त्याला काळ्या हातांनी चुलीजवळ येऊ देत नसे. आधी रॉकेल, मग राख, मग पाणी, एवढं झाल्यावर तांदळाची भाकरी आणि जवळ्याचं कालवण पुढ्यात यायचं. तरी भाकरीच्या कडेला एक काळा अंगठा उमटायचाच. तो तुकडा मोडून आजा कोंबड्यांना टाकायचा, की स्वतःच खायचा, यावर आमच्या घरात आजही दोन मतं आहेत.

दोन मतं तर ते पाने कुठून आले यावरही आहेत. आजी सांगायची, की लढाईच्या वेळी आजा कल्याणच्या कँपात हेल्पर होता आणि तिथल्या गोऱ्या साहेबानं जाताना खूश होऊन दिले. आत्या म्हणते, कसला साहेब नि कसलं काय, लढाई संपल्यावर लष्कराचं डिस्पोजल निघालं, त्यात वजनावर घेतले, आणि त्यापायी आजीची पाटली गहाण पडली. पाटलीचा भाग आजी गाळायची, त्यामुळे मला आत्याचं जास्त खरं वाटतं. कँप मात्र खरेच होते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करानं पाच कँप वसवले होते. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासितांची कुटुंबं येऊन राहिली, आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. अजूनही तिकडचे लोक पत्ता सांगताना कँप नंबर सांगतात. आज्याच्या दोन पान्यांवर बाणाची खूण आहे, ब्रिटिश सरकारच्या मालावर असायची तशी. म्हणजे दिले असोत की विकत घेतलेले, माल सरकारी होता.

या पान्यांत एक गंमत आहे. आज्याकडे अर्धा इंच लिहिलेले दोन पाने होते आणि दोघांची तोंडं वेगवेगळी. एकाचं तोंड बरोबर अर्धा इंच. दुसऱ्याचं मोजाल तर इंचाला थोडंसंच कमी. लहानपणी मला वाटायचं कारखान्यात चूक झाली असणार. आजा हसायचा. म्हणायचा, "ह्यो इंग्रज, त्यो अमेरिकन." त्यातलं खरं असं, की १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिरानं बोल्टच्या आट्यांचं माप ठरवून दिलं. आट्याचा कोन ५५ अंश, आणि पान्यावर आकडा लिहायचा तो बोल्टच्या जाडीचा. अमेरिकेत कोन ६० अंशांचा झाला, आणि पुढे त्यांच्या पान्यांवर आकडा येऊ लागला तो थेट तोंडाच्या रुंदीचा. महायुद्धात दोन्ही देशांच्या गाड्या एकाच फौजेत आल्या आणि एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला चढेना. त्या मनस्तापातूनच १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एक सामायिक आटा मान्य केला. बाळकुमच्या पाड्यात बसलेल्या, जेमतेम सही करता येणाऱ्या माणसाला हा तंटा नावानिशी माहीत नव्हता, पण हाताला माहीत होता. गाडी जीप असली की वळकटीतून एक पाना निघायचा, इंग्रजी असली की दुसरा.

मग मिलिमीटर आले. १९५७च्या एप्रिलात नवे पैसे सुरू झाले आणि १९५८च्या ऑक्टोबरापासून किलोची वजनं. आजीला हे दोन्ही कधी पटलं नाही. सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला म्हणजे एका आण्याला सव्वासहा पैसे, आणि तो पाव पैसा वाणी खातो, अशी तिची तक्रार होती. हिशेब पाहिला तर तिचं चूक नव्हतं. तांदूळ ती शेवटपर्यंत पायलीनं मोजत राहिली. आज्याचं तसं नव्हतं. त्यानं मिलिमीटरचे पाने आनंदानं घेतले, कारण माझा मोठा मामा कुर्ल्याला प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये लागला होता आणि सासऱ्या-जावयाच्या गप्पांत कायम फियाट असायची. म्हणजे सासरा-जावई नव्हे, व्याही-घरचा पोरगा. (नाती सांगताना माझी गाडी नेहमी अशी घसरते.) वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली ही कंपनी. आधी डॉज आणि प्लिमथ जोडायची, मग इटलीच्या फियाटकडे वळली, आणि इटलीचं सगळं मिलिमीटरमध्ये. हीच गाडी पुढे पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिनं २०२३च्या ऑक्टोबरापर्यंत तग धरला. मामानंच आज्याला दाखवलं, की पाऊण इंचाचा अमेरिकन पाना आणि १९ नंबरचा पाना यांच्यात केसाइतकाही फरक नाही, एकाच्या जागी दुसरा बिनदिक्कत चालतो. आजा त्यावर इतका खूश झाला, की येईल त्याला ते ऐकवायचा. चहा द्यायला आलेल्या आजीलासुद्धा.

व्हिटवर्थचे पाने मात्र फेकले गेले नाहीत. खाडीपल्याड भिवंडीत हातमागांचे यंत्रमाग झाले होते, आणि त्यातले कितीतरी माग मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले, मूळचे लँकशायरचे. त्यांचे नट-बोल्ट इंग्रजीच. त्यामुळे मोटारींतून इंग्रजी माप उठून गेल्यावरही भिवंडीचा जॉबर आज्याकडून जुने पाने उसने न्यायला यायचा. परत करताना सोबत मांड्याची घडी आणायचा. ते मांडे गूळ घातलेले होते की नुसते, आठवत नाही. कागद तेवढा तुपकट झालेला आठवतो.

उसनवारी वाढली तशी खूण करणं आलं. कारखान्यातली माणसं आपली अक्षरं ठोकतात. आज्याला सहीपुरतीच अक्षरं येत होती, म्हणून त्यानं प्रत्येक पान्यावर सेंटर पंचनं तीन ठिपके मारले. त्याच्या धाकट्या भावानं, म्हणजे आमच्या चुलत आज्यानं, आपल्या पान्यांवर चार मारले. पुढे वाटणी झाली. घर वाटलं, शेत वाटलं, होडी वाटली, पाने ज्याचे त्याच्याकडे राहिले. फक्त एका पाऊण इंची रिंग पान्यावरून भांडण पेटलं. त्याच्यावर ठिपके चार, पण चौथा जरा उथळ आणि तिरका. आजा म्हणायचा, नंतर मारलाय. धाकटा म्हणायचा, हात हलला. दोन्ही घरांच्या बायका एकमेकींकडे निवट्या आणि चिंबोऱ्या पाठवत राहिल्या, पुरुष मात्र काही वर्षं बोलले नाहीत. तो पाना शेवटी आमच्या वळकटीत कसा राहिला, ते कुणी सांगत नाही.

या अबोल्यातही खंडेनवमीला मात्र सगळी अवजारं एकाच ओटीवर यायची. आदल्या दिवशी रॉकेलच्या परातीत सगळ्यांची आंघोळ. नवमीला पाटावर लाल कापड, त्यावर विळा, कोयती, वल्हं, जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या, आणि सगळ्यांत पुढे पाने, मापाप्रमाणे उतरत्या क्रमानं. हळदकुंकू, झेंडू, भाताची लोंबी, नारळ. त्या दिवशी अवजाराला हात लावायचा नाही. ट्रक बंद पडला तर पडला. एकदा एक सरदारजी ड्रायव्हर नडला होता म्हणे. आज्यानं त्याला खोबरं-साखर दिली, रात्री ओटीवर निजवलं आणि दसऱ्याच्या पहाटे गाडी चालू करून दिली. जाताना मटण खाऊन गेला, असं आत्या सांगते. पहाटे मटण कुठून आलं, हे विचारलेलं तिला आवडत नाही.

आजा गेला आणि ठाण्याचे कारखानेही हळूहळू जाऊ लागले. त्याआधीचा काळ त्यांच्या येण्याचा: १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, वागळे इस्टेट गजबजली, पोखरण रोड आणि कोळशेत रोडवर कंपन्यांची रांग लागली. आमच्या पाड्यातल्या कितीतरी घरांत पहिला पगार तिथून आला. रेमंडची गिरणी तर १९२५पासूनची. मग संप, टाळेबंदी, स्थलांतर, आणि जमिनीला सोन्याचा भाव. ज्या जागी फिटर पाळीला जायचे तिथं आता पोहण्याचे तलाव आहेत. फाटकातून यंत्रं भंगारात गेली, तशा पान्यांच्या पेट्याही गेल्या. निवृत्त फिटरांच्या पोरांना त्या पेट्या जड होत्या, आणि किलोचा भाव लगेच मिळत होता.

माझं जमवणं तिथून सुरू झालं. भंगारवाल्याच्या काट्यापाशी उभं राहायचं आणि ढिगातून उपसायचं. शुक्रवारी पहाटे मटन स्ट्रीटच्या चोर बाजारात मामाला सोबत घेऊन जायचो. मामा पाना आधी नखानं वाजवायचा, मग तोंड उजेडाला धरायचा. तोंड फाकलेलं असलं तर कुणीतरी दांडीला पाइप लावून जोर केलेला, तो ठेवून द्यायचा. त्याला कंपनीचं नाव वाचायची घाई नसायची. नावं मी वाचायचो. रेमशाइडच्या जर्मन भावांनी १९१९ साली काढलेलं गेडोर आणि त्यांच्याशी नातं जोडून झालानींनी इथं बनवलेले पाने, स्वीडनच्या बाहकोकडून तंत्र घेतलेल्या नाशिकच्या तापडियांच्या पकडी, बर्मिंगहॅमचा किंग डिक. पुण्यात दिनकर केळकरांनी राजा या आपल्या मुलाच्या स्मरणार्थ अडकित्ते, दिवे आणि कुलुपं जमवून संग्रहालय उभं केलं. स्वयंपाकघराला आणि देवघराला काचेचं कपाट मिळालं. गॅरेजला कुणी द्यायचं?

मांडणीबाबत माझी मतं जरा कडक आहेत. पाना घासून आरशासारखा करणारे लोक मला आवडत नाहीत, आणि त्याच्यावर नव्यानं क्रोम चढवणारे तर मुळीच नाहीत. ग्राइंडर फिरला की गंजाबरोबर ठोकलेली अक्षरंही जातात. मी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवतो, पितळी ब्रशनं हलके घासतो, लगेच सुकवतो आणि तेलाचं बोट फिरवतो. पावसाळ्यात खाडीची खारी हवा येते तेव्हा हे पुन्हा करावं लागतं. घरातले म्हणतात, यापेक्षा मासे पाळ.

भिंतीवर प्लायवूड लावलंय आणि प्रत्येक पान्यामागे त्याच्याच आकाराची काळी सावली रंगवलीय. ही युक्ती काकाची. तो कोळशेत रोडवरच्या एका कारखान्यात टूलरूमला होता. तिथं कामगारानं आपल्या नंबरचा पितळी बिल्ला द्यायचा आणि अवजार न्यायचं. बिल्ला त्या रिकाम्या सावलीवर टांगला जायचा. पाळी सुटताना भिंतीकडे पाहिलं की कोणाकडे काय आहे ते कळतं. काकाचा बिल्ला माझ्याकडे आहे, मधोमध लावलाय. मापाप्रमाणे मांडावं की मालकाप्रमाणे, यावर मी बराच खल केला. शेवटी मालकाप्रमाणे मांडलं. तीन ठिपके एका ओळीत, चार ठिपके त्यांच्या खाली, अक्षरवाले बाजूला. बघायला येणारी बिल्डिंगमधली मुलं आधी इन्स्टासाठी फोटो काढतात, मग ठिपके मोजतात.

मागच्या पावसाळ्याआधी धाकट्या घरचा चुलतभाऊ आला. त्याची खाडीत होडी आहे, डिझेल इंजिनची. चहा होईपर्यंत तो भिंतीपाशी उभा होता. मग त्या पाऊण इंची रिंग पान्यावर बोट ठेवून म्हणाला, "दादूस, ह्यो आमचा हाय. मोज ठिपके." मी म्हटलं, चौथा तिरका आहे. तो म्हणाला, "तिरका असंल. पन हाय ना?" वर त्याच्या इंजिनला १९ नंबरच लागत होता. मी नियम सांगितला, बिल्ला ठेव आणि पाना ने. त्याच्याकडे बिल्ला कुठला असणार? खिशातून होडीची किल्ली निघाली, ती देववेना. मग मच्छीमार सोसायटीचं कार्ड काढून त्यानं खिळ्याला अडकवलं आणि पाना पिशवीत टाकला. दसऱ्याला आणून देतो म्हणाला. कुठल्या दसऱ्याला, ते काही बोलला नाही.