तळघरातली लाच आणि आर्थर रोडची दगडफेक

आजची गोष्ट एका लाचेची. दिली एका शास्त्रज्ञाने, घेतली इंग्रज खलाशांनी. आणि बदल्यात मिळालं काय? तर हॉस्पिटलच्या तळघरात, चुन्याने झाकलेल्या एका प्रेताजवळ काही मिनिटं थांबायची मुभा.

ठिकाण हाँगकाँग, तारीख २० जून १८९४. शास्त्रज्ञाचं नाव आलेक्सांद्र येर्सां, वय तीस. जन्माने स्विस, तयार झाला पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये, आणि आला होता फ्रेंचांच्या ताब्यातल्या इंडोचायनातून, म्हणजे आजच्या व्हिएतनामकडून. हाँगकाँगमध्ये मे महिन्यापासून प्लेगने थैमान घातलं होतं. हा रोग नेमका कशाने होतो, ते तोवर कुणालाच माहीत नव्हतं.

आता लाच का द्यावी लागली? कारण येर्सां पोचला १५ जूनला, आणि त्याच्या तीनच दिवस आधी जपानहून कितासातो शिबासाबुरो आपलं पथक घेऊन आला होता. हा काही साधासुधा माणूस नव्हता. बर्लिनमध्ये रॉबर्ट कोखच्या हाताखाली काम केलेला, जगभर नाव झालेला. प्लेगच्या हॉस्पिटलांचा कारभार जेम्स लोसन नावाच्या तरुण स्कॉटिश डॉक्टरकडे होता. त्याने कितासातोला खोली दिली, शवविच्छेदनाची सोय करून दिली. येर्सांकडे ना मोठं नाव, ना पथक, आणि इंग्रजीच्या नावाने तर बोंबच. त्याच्या म्हणण्याप्रमाणे सगळे मृतदेह जपानी पथकासाठी राखून ठेवले होते.

म्हणजे बघा, परवानगी कशावर ठरली? कुठलाही नियम नव्हता, समिती नव्हती. एका अधिकाऱ्याची मर्जी, बस्स.

येर्सांच्या मदतीला धावला एक इटालियन पाद्री, फादर विगानो. प्रेतं पुरायचं काम ज्या खलाशांकडे होतं, त्यांच्या हातावर पैसे ठेवले की काम होईल, हे त्यानेच सुचवलं. झालंही. येर्सां तळघरात उतरला, शवपेटीतला चुना बाजूला सारला, जांघेतली प्लेगची गाठ कापून घेतली आणि थेट मायक्रोस्कोप गाठला. त्या गाठीत जंतूंची नुसती गर्दी होती. आखूड, टोकं गोलसर. आज त्या जंतूला येर्सिनिया पेस्टिस म्हणतात, याच येर्सांच्या नावावरून.

इथे एक गंमत आहे. कितासातोनेही त्याच आठवड्यात जंतू पाहिला होता, पण त्याच्या वर्णनात नंतर गोंधळ सापडला. दुसरेच जंतू त्यात मिसळले असावेत, असं बरेच अभ्यासक मानतात. एक कारण असं सांगतात की त्याच्याकडे शरीराच्या तापमानाला चालणारी उबवण पेटी होती, आणि त्या उबेत हे दुसरे जंतू जोमात वाढतात. येर्सांकडे पेटीच नव्हती. खोलीतल्या तापमानाला प्लेगचा जंतू छान वाढला. गरिबी पथ्यावर पडली म्हणायची!

इथवर ही गोष्ट हीरोची वाटते. मलाही बरेच दिवस तशीच वाटायची. पण त्या शवपेटीत होतं कोण? त्या साथीत दगावलेले बहुतेक जण गरीब चिनी होते. त्यांच्या घरात सोल्जर घुसत, आजारी माणसाला उचलून नेत. गोरे डॉक्टर प्रेतं फाडतात, अवयव काढतात, अशा अफवा शहरभर होत्या. हजारो लोक हाँगकाँग सोडून पळाले. लोसनने परवानगी दिली, खलाशांनी विकली. घरच्यांना मात्र दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही.

दोन वर्षांनी हीच साथ आपल्या मुंबईत आली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिले रुग्ण ओळखले. पाठोपाठ परदेशी पथकांची रीघ लागली, जर्मन, ऑस्ट्रियन, रशियन. मार्च १८९७ मध्ये खुद्द येर्सां आला, स्वतः बनवलेलं सिरम घेऊन. या वेळी चोरून उतरायची गरज नव्हती, सरकारी दारं उघडीच होती. सिरमचा मात्र म्हणावा तसा गुण आला नाही.

पण दारं उघडी होती ती पाहुण्यांना. पेशंटच्या बाजूचं काय? येर्सां यायच्या चारेक महिने आधी, २९ ऑक्टोबर १८९६ ला, सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर चालून गेले होते. आत नेलेला माणूस परत येत नाही, तिथे मुद्दाम मारतात, अशी बोलवा होती. आज आपण याला अडाणीपणा म्हणून मोकळे होतो. मला तसं वाटत नाही. अफवा खोटी होती, पण त्यांना कुणी काहीच विचारत नव्हतं, हे तर खरंच होतं ना?

ते हॉस्पिटल म्हणजे आजचं कस्तुरबा. आता बाहेरच्या संशोधकाला अशा ठिकाणी काम करायचं असेल, तर आधी नैतिकता समितीची मंजुरी लागते, आणि पेशंटला त्याच्या भाषेत समजावून त्याची सही किंवा अंगठा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्या समितीत एक साधा, डॉक्टर नसलेला माणूस बसवावा लागतो. आणि अध्यक्ष? तो त्या संस्थेच्या बाहेरचाच असला पाहिजे.