स्व-शिफारस (वैद्यक)

रुग्णाला ज्या केंद्रात तपासणी वा उपचारासाठी पाठवले जाते, त्या केंद्रात शिफारस करणाऱ्या डॉक्टरचा अथवा त्याच्या कुटुंबीयांचा आर्थिक हितसंबंध असल्यास त्या शिफारशीस '''स्व-शिफारस''' म्हणतात. केंद्रात डॉक्टरची भागीदारी असू शकते किंवा यंत्र त्याच्याच दवाखान्यात बसवलेले असू शकते. एमआरआय, सीटी स्कॅन यांसारख्या तपासण्यांच्या अतिवापराचे हे एक प्रमुख कारण मानले जाते. ही यंत्रे महाग असतात. मात्र एकदा बसवल्यावर प्रत्येक जादा तपासणीचा खर्च अल्प असल्याने यंत्र रिकामे ठेवणे मालकाला परवडत नाही.

भारतातील 'कट प्रॅक्टिस' याहून वेगळी आहे. तिच्यात केंद्र दुसऱ्याचे असते व रुग्ण पाठवणाऱ्यास दलाली मिळते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीने अशी दलाली निषिद्ध ठरवली असून, महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार केला. स्व-शिफारशीतील नफा मात्र हिशेबात उघडपणे नोंदला जातो.

== अमेरिकेतील अभ्यास ==
ब्रूस हिलमन व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये कंबरदुखी, गर्भारपण यांसह चार स्थितींतील तपासण्यांची तुलना प्रसिद्ध केली. स्वतःचे यंत्र वापरणारे डॉक्टर, रुग्णाला रेडिओलॉजिस्टकडे पाठवणाऱ्यांच्या ४ ते ४.५ पट तपासण्या करीत असल्याचे तीत आढळले.

यंत्र घेणाऱ्या डॉक्टरांकडे मुळातच अधिक आजारी रुग्ण येत असावेत, हा यावरील नेहमीचा आक्षेप. गव्हर्नमेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिस या लेखापरीक्षण संस्थेच्या २०१२ च्या अहवालात त्याचे बऱ्याच अंशी उत्तर मिळते. ज्या डॉक्टरांनी २००९ मध्ये स्व-शिफारस सुरू केली, त्यांच्याच आधीच्या व नंतरच्या शिफारशी संस्थेने ताडून पाहिल्या. २००८ च्या तुलनेत २०१० मध्ये त्या सरासरी सुमारे ६७ टक्क्यांनी वाढल्या होत्या. २०१० या एका वर्षात स्व-शिफारशीमुळे मेडिकेअर या सरकारी विमा योजनेवर सुमारे ४ लाख जादा तपासण्यांचा व १०.९ कोटी डॉलरचा भार पडला, असा संस्थेचा अंदाज होता.

हानी केवळ पैशाची नसते. सीटी स्कॅनमध्ये शरीराला किरणोत्साराला सामोरे जावे लागते. एमआरआयमध्ये तो नसतो. पण १९९४ च्या एका अभ्यासात पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले असता ५२ टक्के लोकांत मणक्यांमधील किमान एक चकती फुगलेली दिसली. असा निरुपद्रवी दोष एकदा अहवालात उमटला, की पुढील तपासण्या, प्रसंगी शस्त्रक्रियाही, ओढवू शकते.

== कायदा ==
कॅलिफोर्नियाचे लोकप्रतिनिधी पीट स्टार्क यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये झालेला 'स्टार्क कायदा' १९९२ पासून लागू झाला. आरंभी तो मेडिकेअरमधील प्रयोगशाळा-चाचण्यांपुरता होता. १९९३ च्या दुरुस्तीने क्ष-किरण व अन्य प्रतिमा-तपासण्याही त्याच्या कक्षेत आल्या. डॉक्टरच्या स्वतःच्या दवाखान्यात दिल्या जाणाऱ्या सेवांना मात्र त्यातून सूट आहे. रुग्णाची सोय आणि तत्काळ निदान हा या सवलतीमागील हेतू होता. पुढे एमआरआय व सीटी यंत्रे याच वाटेने दवाखान्यांत आली. २०१० च्या आरोग्य सुधारणा कायद्याने ही सूट रद्द केली नाही. एमआरआय, सीटी व पेट स्कॅन अन्यत्रही करता येईल अशी लेखी सूचना आणि परिसरातील इतर केंद्रांची यादी रुग्णाला देणे मात्र बंधनकारक झाले. ही सूचना शिफारस करतेवेळी, शिफारस करणाऱ्या डॉक्टरकडूनच दिली जाते.