कवळी : मेणापासून संगणकापर्यंत

‘तोंडाचे बोळके’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे घरोघरी रूढ आहे. त्या बोळक्यात संपूर्ण कवळी बसवणे मात्र सामान्य माणसाच्या आवाक्यात आले ते अगदी अलीकडे. संगणकावर तयार होणाऱ्या कवळीचा आज गाजावाजा आहे. जुनी बरी की नवी, हे ठरवण्याआधी हा इतिहास पाहायला हवा.

जपानमध्ये सोळाव्या शतकात लाकडाच्या कवळ्या होत्या. युरोपात हस्तिदंत वापरत, आणि 1815 च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मृत सैनिकांचे दातही कवळ्यांत बसवले गेले. हा श्रीमंतांचा मामला होता. गुडइयरच्या प्रक्रियेने रबर कडक करता येऊ लागले आणि कवळी स्वस्त होण्याची वाट मोकळी झाली. पण अमेरिकेत पेटंटधारक कंपनी दंतवैद्यांकडून परवाना शुल्क वसूल करी. त्या वसुलीसाठी खटले भरणारा कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन याला 1879 साली सॅन फ्रान्सिस्कोत एका दंतवैद्याने गोळी घातली. पुढे पेटंटची मुदत संपली आणि रबराची कवळी सर्वांना खुली झाली. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात अॅक्रिलिक आले. आजची गुलाबी कवळी त्याचीच.

मराठवाड्याची कथा निराळी. 1948 च्या मार्चमध्ये दंतवैद्यक कायदा लागू झाला, तेव्हा औरंगाबाद निजामी राज्यात होते. त्या कायद्याने पदवी नसलेल्या, पण त्या धंद्यावरच पोट असलेल्या जुन्या दंतवैद्यांसाठी नोंदवहीत वेगळा भाग ठेवला. डेंटल मेकॅनिकचीही नोंद घेतली. शहरात घाटी रुग्णालयाजवळ शासकीय दंत महाविद्यालय आले ते 1982 साली.

पारंपरिक कवळी पाच टप्प्यांत होते. आधी कच्चा ठसा, मग रुग्णासाठी खास ट्रे करून पक्का ठसा. तिसऱ्या खेपेला मेणाच्या कडांवर जबड्यांची उंची आणि नाते ठरते. चौथ्या खेपेला मेणात लावलेले दात तोंडात घालून पाहतात. त्यानंतर मेण वितळवून त्या जागी अॅक्रिलिक दाबतात आणि गरम पाण्यात शिजवतात. शिजताना हे मिश्रण आकारमानाने साधारण 6 ते 7 टक्के आकसते. कवळी टाळूपासून किंचित सुटते, त्यामागे बहुधा हे कारण असते. पाचव्या खेपेला ती तोंडात बसते.

1994 साली जपानच्या माएदा आणि सहकाऱ्यांनी संगणकाच्या साहाय्याने कवळी बनवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. आता कारखान्यात आधीच घट्ट केलेल्या अॅक्रिलिकच्या चकतीतून यंत्र कवळी कोरून काढते. शिजवण्याचा टप्पाच नसल्याने ती आकसत नाही, म्हणून टाळूला नेमकी बसते. थ्रीडी प्रिंटरवर थरांनी छापलेली कवळी स्वस्त पडते, पण मजबुतीत सहसा कोरलेल्या कवळीच्या मागे राहते. दोन्हींत खेपा दोन-तीनवर येतात. शिवाय आकार संगणकात जपलेला असतो. कवळी हरवली, तर नवा ठसा न घेता दुसरी करता येते.

अडचण ठशाची आहे. दात नसलेल्या जबड्यावरची मऊ त्वचा, ओठ आणि गाल हलतात. स्कॅनर ती हालचाल नीट टिपत नाही. म्हणून कित्येक डॉक्टर आजही जुन्या पद्धतीने ठसा घेतात आणि मग तो स्कॅन करतात. मेणाच्या वेळी हाताला जो अंदाज येतो, तो यंत्राला अजून पुरता साधलेला नाही.

या जिल्ह्यात खरा प्रश्न खेपांचा आहे. सिल्लोड किंवा वैजापूरच्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना 2022 पासून एस.टी.चा प्रवास मोफत आहे. पण सोबत येणाऱ्या मुलाचा रोज बुडतो. पाच खेपांच्या जागी दोन झाल्या, तर तीन दिवसांची मजुरी वाचते. ती बचत चकत्यांच्या, सॉफ्टवेअरच्या आणि यंत्राच्या किमतीत विरून जाऊ नये. रबराच्या कवळीचा इतिहास हेच सांगतो : शोध लागला तरी त्याची मालकी मोकळी होईपर्यंत तो गरिबाच्या तोंडापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून सरकारी दंत महाविद्यालयांत ही यंत्रे यायला हवीत, आणि तिथल्या टेक्निशियनला मेणाचे काम येत असतानाच संगणकाचेही शिकवायला हवे. ज्वारीची भाकरी चावता आली, की कवळी कोणत्या पद्धतीने झाली हे आजोबा विचारणार नाहीत.